नेट गेलं तरी फोन वाजला पाहिजे

जुलैतली पहाट, साडेतीनचा सुमार, बाहेर धो धो पाऊस. बेळगावच्या भाजी मार्केटात माझ्या मामांची अडत आहे. गोव्याला जाणारा माल याच वेळेला भरतो. मडगाव-म्हापशाचे व्यापारी फोन करून सांगतात, आज मिरची किती, कोथिंबीर किती, बटाट्याची पोती किती. त्या पहाटे साडेचार वाजले तरी एकही फोन आला नाही. पावसानं मागणी पडली असेल, असं मामांना वाटलं. चार वाजता त्यांनी ऑफिसच्या त्याच फोनवरून एका ड्रायव्हरला गाठलं होतं, बोलणं स्वच्छ झालं होतं. त्यामुळे फोनवर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पावणेपाचला त्याच ड्रायव्हरचा मामांच्या मोबाईलवर फोन आला, "मामा, ऑफिसचा फोन लागंना झालाय. तिकडची लोकं मला विचारायला लागलीत, आज माल हाय की न्हाई."

त्या दिवशी निम्मी कोथिंबीर मार्केटातच पडून राहिली.

मामांच्या ऑफिसचा फोन नेटवरून चालतो. फोनवरचा दिवा हिरवा, इकडून केलेला फोन लागतो, पण तिकडून आलेला वाजत नाही. मी बेळगाव-खानापूर भागात दुकानांना, ऑफिसांना, वर्कशॉपना नेट जोडून देण्याचं काम करतो. पावसाळा लागला की लोक मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. नेट गेलं तर फोन का मरतो, आणि दुसरं नेट घेऊनही का मरतो? त्या पहाटे काय झालं ते कळायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

तांब्याच्या तारेतून करंटही यायचा

जुना काळा फोन आठवा. गल्लीतला करंट गेला तरी तो वाजायचा. त्याला आपल्या घरच्या विजेची गरजच नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असायची, तिच्यातून ४८ व्होल्टची वीज त्याच दोन तारांवरून आपल्या फोनपर्यंत यायची. एक्स्चेंजचा करंट गेला तर त्या बॅटऱ्या, त्या उतरायला लागल्या तर डिझेल जनरेटर. ही सगळी काळजी दुसरं कोणी वाहत होतं, म्हणून आपल्याला तिची जाणीव नव्हती.

आता फायबर आलं. फायबर म्हणजे काचेचा केसाएवढा धागा, त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणजे फोन चालवायची वीज आता आपली आपण द्यायची. एक्स्चेंजमधली बॅटरी आपल्या टेबलाखाली आली, पण हे बहुतेकांना कोणी सांगितलंच नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये जुनं तांब्याचं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं, ते जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकललं. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी करंट गेल्यावर मदतीला फोन कसा करायचा, हा प्रश्न तिथं मोठा झाला. फोनवरच ज्यांची भिस्त आहे त्यांना करंट गेल्यावरही निदान एक तास तातडीचा फोन करता आला पाहिजे, असं तिथल्या नियामकानं कंपन्यांना बजावलं आहे.

"मग जुनाच फोन बरा होता की," असं मामा म्हणाले. करंटच्या बाबतीत बरा होता, खरंच. पण खानापूरच्या पावसात तांब्याच्या जोडांत पाणी शिरलं की आठ आठ दिवस नुसती खरखर ऐकू यायची, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. आणि तांब्याचे ग्राहक आता फायबरवर जात आहेत, मागे फिरायची वाट उरलेली नाही.

आवाज म्हणजे कोथिंबीर

नेटवरून चालणाऱ्या फोनला तंत्रज्ञ 'व्हीओआयपी' म्हणतात. आपण नेटफोन म्हणू. २०१८ साली दूरसंचार विभागानं परवान्याच्या अटी बदलल्या आणि नेटवरून साध्या नंबरांशी बोलायची वाट अधिकृतपणे मोकळी झाली.

नेटफोनमध्ये तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, साधारण एका सेकंदाचे ५०. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहून तो वाटेला लावला जातो. पलीकडे ते तुकडे परत ओळीत लावले की आवाज ऐकू येतो. फाईल, फोटो, बिलं हीसुद्धा अशीच तुकड्यांतून जातात. फरक एवढाच की फाईल म्हणजे बटाटा आणि आवाज म्हणजे कोथिंबीर. बटाट्याचं पोतं दोन तास उशिरा पोचलं तरी विकलं जातं, हरवलं तर दुसरं पाठवता येतं. कोथिंबीर उशिरा पोचली की उकिरड्यावर. आवाजाचा तुकडा उशिरा आला तर फोन तो टाकूनच देतो, कारण वाक्य पुढे निघून गेलेलं असतं.

"व्हिडिओ तर मस्त दिसतोय, मग फोनवर आवाज का तुटतो?" याचं उत्तर इथंच आहे. व्हिडिओ पुढचा माल आधीच कोठारात भरून ठेवतो आणि त्यातून सावकाश दाखवतो. बोलण्यात पुढचा माल असतच नाही, तो अजून बोलणाऱ्याच्या तोंडात असतो. एका तोंडातला शब्द दुसऱ्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सहज वाटतं, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. ४०० मिलिसेकंद ही वरची हद्द. त्यापुढे दोघं एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात.

यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. एका बोलण्याला नेट फारसं लागतच नाही. चांगल्या दर्जाच्या आवाजाला जाताना-येताना प्रत्येकी सेकंदाला शंभर किलोबिटपेक्षाही (केबीपीएस) कमी पुरतं. तासभर बोललात तर सगळं मिळून ८० एमबीच्या आसपास. म्हणजे संकटात साधा मोबाईल डेटासुद्धा तीन-चार फोन सहज पेलतो. पण त्याच वाटेवरून दुकानाचे सहा सीसीटीव्ही कॅमेरे आपलं चित्रण वर चढवत असतील तर कोथिंबिरीची रिक्षा बटाट्याच्या ट्रकांमागे अडकते. राउटरमध्ये आवाजाला आधी सोडण्याची सोय असते. ती चालू करा, आणि नेट पर्यायी वाटेवर गेलं की कॅमेऱ्यांचं अपलोड बंद पडेल अशी सेटिंग करून घ्या.

"इन्व्हर्टर आहे की!"

असतो. बहुतेक ठिकाणी असतो. तरी फोन मरतो, कारण साखळीतली एखादी कडी इन्व्हर्टरवर नसते. भिंतीवरचा फायबरचा डबा, त्यानंतर राउटर, मग फोनांना जोडणारा स्विच, शेवटी फोन. या सगळ्यांना करंट लागतो. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात राउटर, स्विच, फोन सगळं इन्व्हर्टरवर होतं, पण फायबरचा डबा बाहेरच्या पॅसेजमध्ये ट्यूबलाइटच्या बोर्डावर. दोन पावसाळे ते लोक केबल कंपनीला बोल लावत होते.

दुसरी बारीक गोष्ट. घरगुती इन्व्हर्टरवर बऱ्याचदा 'यूपीएस मोड'चं बटण असतं. ते बंद असेल तर करंट गेल्यावर इन्व्हर्टर लागायला क्षणभर जास्त वेळ घेतो. पंखा, दिवा यांना त्याचं काही नाही, पण राउटर तेवढ्यात बंद होऊन परत सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं फोन गेलेला असतो. बटण चालू करा, नाहीतर डबा आणि राउटर यांना वेगळा छोटा यूपीएस लावा. दोन्ही मिळून वीसेक वॉट खातात. १२ व्होल्ट, ७ एएचची साधी बॅटरी नवी असताना त्यांना तीन तासांच्या आसपास खेचते. 'नवी असताना' हे महत्त्वाचं आहे, दोन वर्षांनी तीच बॅटरी निम्म्यावर आलेली असते.

आणि तुमच्या ऑफिसबाहेरचं काय? खरं फायबर एक्स्चेंजपासून तुमच्या डब्यापर्यंत वाटेत कुठंही वीज मागत नाही. पण काही ठिकाणी फायबर गल्लीतल्या कुणाच्या तरी गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येतं आणि तिथून साधी लॅन केबल दुकानात आणलेली असते. त्या पेटीला करंट लागतो. हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, करंट गेला की ती पेटी बंद, मग तुमचा इन्व्हर्टर कितीही मोठा असो. म्हणून जोडणी घेताना सरळ विचारा, काचेची तार माझ्या टेबलापर्यंत येणार का?

"आमच्याकडे दोन कंपन्यांचं नेट आहे"

या एका वाक्यावर मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे, कारण लोकांचे पैसे इथंच वाया जातात.

बेळगावहून गोव्याला जायला चोर्ला घाट आहे आणि अनमोड घाट आहे. चोर्ल्यात दरड आली तर ट्रक अनमोडमार्गे जातात. दोन वाटा, म्हणून निर्धास्त. पण पिरनवाडीपर्यंत रस्ता एकच आहे. तिथून एक फाटा जांबोटीकडे वळतो, दुसरा खानापूरकडे जातो. खानापूर रोडवर पिरनवाडीच्या अलीकडे झाड आडवं पडलं तर चोर्ला मोकळा असून उपयोग नाही आणि अनमोडही मोकळा असून उपयोग नाही. खरी वेगळी वाट आंबोलीची. ती हिंडलग्याकडून, शिनोळीवरून निघते. लांब आहे, पण तिचं पहिलं पाऊलच दुसरीकडे पडतं.

नेटचं अगदी असंच आहे. दोन कंपन्या, दोन बिलं, दोन डबे. पण दोघांच्या केबली एकाच विजेच्या खांबावरून, एकाच गटारीकडेनं दुकानात शिरतात. जेसीबीचा एक फाळ दोन्ही एकदम तोडतो. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात महामार्गाच्या रुंदीकरणात खोदाई चालू झाल्यावर किती दुकानदारांनी दुसरी लाइन घेतली आणि दोन्ही एकाच दुपारी गेल्या, ते मी जवळून पाहिलं आहे. पुढे जाऊन असंही होतं की छोटी कंपनी मोठ्या कंपनीकडूनच नेट घेऊन विकत असते. नाव वेगळं, विहीर तीच.

त्या पहाटेनंतर मामा दुसऱ्या कंपनीचं फायबर घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, आधी चालत बघू. दुकानातून निघालो, खांबाखांबानं वर मान करून चौकापर्यंत गेलो. दुसऱ्या कंपनीची तार पहिलीच्या गळ्यात गळा घालून येत होती. ते फायबर घेतलं नाही. अर्धा तास लागतो या फेरीला. दुसऱ्या लाइनवर सही करण्याआधी प्रत्येकानं ती मारावी, शक्य झालं तर लाइनमनला सोबत घेऊन.

लहान दुकानाला आंबोलीची वाट म्हणजे मोबाईल डेटा, सिम घातलेला राउटर किंवा डोंगल. तो हवेतून येतो, तुमच्या गल्लीतल्या खांबाशी त्याचा संबंध नाही. अर्थात टॉवरलाही पुढे कुठंतरी केबल असतेच. मोठी केबल तुटली तर टॉवरही आंधळा होतो. कुठल्या कंपनीचा टॉवर कुठल्या केबलवर आहे हे ती कंपनी आपल्याला सांगणार नाही. पण मागच्या खेपेला नेट गेलं तेव्हा शेजारीपाजारी कुणाचा मोबाईल डेटा चालू होता, हे आठवून बघा. त्याच कंपनीचं सिम डोंगलमध्ये घाला.

वाट बदलली, पत्ता जुनाच

आता त्या पहाटेकडे परत येऊ. मामांकडे डोंगल तेव्हाही होता. फायबर तुटल्यावर राउटरनं आपोआप नेट डोंगलवर वळवलं. याला फेलओव्हर म्हणतात. म्हणून तर ड्रायव्हरला फोन लागला. मग आत येणारे फोन का लागले नाहीत?

नेटफोन दर ठरावीक वेळानं कंपनीच्या संगणकाला हजेरी देतो, "मी अमुक पत्त्यावर आहे, माझे फोन इकडे पाठव." पुष्कळ फोनांत ही हजेरी ३,६०० सेकंदांनी, म्हणजे तासातून एकदा लागते. वाट बदलली की दुकानाचा नेटवरचा पत्ताही बदलतो. पण हे राउटरला कळतं, फोनला कळत नाही. फोन निवांत बसलेला असतो आणि कंपनीचा संगणक गोव्याचे सगळे फोन जुन्या, मेलेल्या पत्त्यावर धाडत राहतो. आपण बाहेर फोन लावला तर तो नव्या वाटेनं जातो आणि लागतो. त्यामुळे फसगत पुरी होते.

यावरचा उपाय फुकट आहे. हजेरीचा वेळ ६० ते १२० सेकंदांवर आणायचा. कंपनी एवढं चालू देते का ते विचारून घ्यायचं, आणि बदलायचं.

मामांच्या राउटरमध्ये आणखी एक खोट निघाली. तो फक्त डब्यापर्यंतची तार जिवंत आहे का एवढंच तपासत होता. फायबर दूर चौकात तुटलं तरी डबा आणि राउटर यांच्यातली हातभर तार जिवंतच असते, आणि राउटर म्हणतो सगळं ठीक. त्या रात्री फायबर तुटल्यावर डब्याचा करंटही गेला, म्हणून निदान नेट वळलं तरी. राउटरला सांगून ठेवायचं की इंटरनेटवरच्या दोन लांबच्या पत्त्यांना दर काही सेकंदांनी हाक मारत जा, दोन्हीकडून ओ आली नाही तर वाट बदल.

चालू असलेलं बोलणं मात्र वाट बदलताना तुटतंच. ते वाचवायची महागडी साधनं आहेत, पण अडतीला, मेडिकलला, शोरूमला त्यांची गरज नाही. माणूस परत फोन करतो. त्या परत केलेल्या फोनची घंटी वाजली पाहिजे.

नंबर दुकानात राहत नाही

तुमचा ०८३१ चा नंबर टेबलावरच्या यंत्रात आहे असं वाटतं. तांब्याच्या काळातही तो तिथं नव्हता, आता तर मुळीच नाही. तो कंपनीच्या संगणकावर आहे. दुकान पाण्याखाली गेलं तरी नंबर शाबूत असतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूर-बेळगाव महामार्ग पाण्यानं अडला होता, ते दिवस आठवा. अशा वेळी दुकानातला कुठलाच यूपीएस पुरत नाही. पण कंपनीच्या संगणकावर आधीच लिहून ठेवलेलं असेल, की या फोनची हजेरी नसेल किंवा २० सेकंदांत कोणी उचलला नाही तर अमुक मोबाईलवर पाठव, तर गिऱ्हाईकाला काही कळतही नाही.

माझ्या मते सगळ्या उपायांत हा पहिला आहे. यूपीएसच्या आधी, दुसऱ्या नेटच्या आधी हे करा. मात्र तो मोबाईल साध्या कॉलवर फोन घेणारा हवा. बरेच जण ॲपवर वळवतात, आणि ते ॲप ऑफिसच्याच वायफायवर चालत असतं! आणि डोंगलमध्ये ज्या कंपनीचं सिम आहे ती सोडून दुसऱ्या कंपनीचा नंबर द्या.

इथं एक सावधगिरी. फोन वळवण्याच्या नावाखाली लोकांना लुबाडणारे फिरत आहेत. "हा कोड दाबा" म्हणत ते तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेतात आणि ओटीपी ऐकतात. सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये कोड दाबून फोन वळवायची सोय थांबवायचा आदेश दिला तो याचसाठी. वळवणी फक्त कंपनीच्या खात्यात शिरून करायची, कुणाच्या फोनवरच्या सांगण्यावरून नाही.

"व्हॉट्सॲप आहे ना!"

आहे, आणि चांगलं आहे. पण ४ ऑक्टोबर २०२१ ला ते सहाएक तास जगभर बंद होतं, २५ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा दोनेक तास. शिवाय ऑफिसचं नेट गेलं की तेही त्याच नेटवर बसलेलं असतं. जोडीला ठेवा, भरवसा त्याच्यावर टाकू नका. आणि ११२ या तातडीच्या नंबरासाठी नेटफोनवर विसंबू नका. तुम्ही नक्की कुठं आहात हे तो नीट सांगेलच असं नाही. एक चार्ज केलेला साधा मोबाईल दुकानात असू द्या, आणि तो कुठं ठेवलाय हे पोऱ्यालाही माहीत असू द्या.

उपग्रहाचं नेट? जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. तिथं जाऊन यायलाच आवाजाला पाव सेकंद लागतो, बोलणं अडखळतं. नवे साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, त्यांच्यावरून बोलणं नीट होतं. असं नेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. जंगलाकडेच्या कणकुंबी-जांबोटीसारख्या गावांना त्यातून पुढे आधार मिळू शकतो, पण त्याच्या छत्रीला मोकळं आकाश लागतं, आणि करंटही लागतोच.

शिवेवरचं सिम

आपल्या भागाची एक खास अडचण. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही मोबाईल कंपन्यांची दोन वेगळी सर्कल, म्हणजे सेवेचे विभाग, आहेत. निपाणीत, शिनोळीजवळ, खानापूरच्या पश्चिमेला सिम कर्नाटकचं असलं तरी जवळचा टॉवर महाराष्ट्राचा असू शकतो. आपला मोबाईल हे निमूट सांभाळून घेतो. काही डोंगल-राउटर मात्र याला रोमिंग समजतात आणि डेटा अडवतात. दिवे सगळे लागलेले, सिग्नल पुरता, आणि नेट शून्य. राउटरच्या सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' चालू करून ठेवा. कुद्रेमनीतल्या एका दुकानात मी याच एका खुणेपायी पूर्ण दिवस घालवला आहे.

तार काढून बघा

न तपासलेला फेलओव्हर म्हणजे गंजलेली स्टेपनी. महिन्यातून एकदा, गिऱ्हाईक कमी असताना, तीन गोष्टी करा. मेन स्विच पाडा आणि फोन किती वेळ तग धरतो ते बघा. फायबरचा हिरवा जोड काढा, त्याच्या टोकात डोकावू नका, टोकाला टोपण लावा. हात थरथरत असेल तर कंपनीचा माणूस आला असताना त्याच्याकडून काढून घ्या. शेवटी राउटरच बंद करा आणि फोन ठरलेल्या मोबाईलवर जातो का ते बघा. प्रत्येक वेळी बाहेरून, दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलवरून आपल्याच नंबरला फोन लावा. आतून लावून बघण्याचा उपयोग नाही, मामांचा ड्रायव्हरला लागला होताच.

मामांनी फोनशेजारी एक वही दोरीनं बांधून ठेवली आहे. गेल्या महिन्यातली नोंद त्यांच्या अक्षरात अशी आहे : करंट काढला, २ तास ५० मिनिटं चालला. फायबर काढलं, ७० सेकंदांनी बाहेरचा फोन वाजला. राउटर बंद, मोबाईलवर आला. डोंगल खिडकीत भिजतोय, जागा बदलायची.